फ्लॅट स्पेलमधली बीच ब्रेक ट्रिप : भांगापासून उधाणाकडे

शनिवार

सर्फिंगच्या ट्रिपला निघायच्या आदल्या रात्री लाटांच्या अंदाजाचा चार्ट उघडला तर अख्खा आठवडा सारखाच, हाईट ०.४ ते ०.६ मीटर, पिरियड (दोन लाटांमधला वेळ) ७-८ सेकंद, दुपारी ऑनशोअर, म्हणजे समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारा वारा. आणि हे असं बरेच दिवस चाललेलं, म्हणजे फ्लॅट स्पेल, लाटा जवळजवळ नसलेला काळ. कारण प्रेशरच्या नकाशावर सरळ दिसत होतं, एक भलामोठा हाय प्रेशर वादळांच्या नेहमीच्या वाटेत ठाण मांडून बसलेला, त्यामुळे येईल ती लो प्रेशर त्याला वळसा घालून भलतीकडे निघून जायची. स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या लाटा, बनायला वाऱ्याचा जोर लागतो, तो बराच वेळ वाहावा लागतो, आणि लांबलचक पाण्यावरून वाहावा लागतो ज्याला फेच म्हणतात, आणि एवढं सगळं जमलं तरी त्या फेचचं तोंड आपल्या किनाऱ्याकडे हवं. हाय असा मध्ये बसला की चारपैकी काही ना काही हुकतंच.

तरी निघालो, मी आणि धाकटा भाऊ. बरेच जण म्हणतात फ्लॅट असताना बीच ब्रेकला, म्हणजे लाट वाळूवर फुटते अशा किनाऱ्याला, कशाला जाता, जमिनीच्या टोकाजवळच्या पॉइंटला जा. मला हे अजिबात पटत नाही. पॉइंटला स्वेल वळून आत यावा लागतो आणि त्या वळण्यात बरीच ताकद खर्च होते, मोठा स्वेल असेल तर ते परवडतं, अर्ध्या मीटरला आत काही उरतच नाही. थेट समुद्राकडे तोंड करून असलेला उघडा वाळूचा किनारा असेल तर जे काही थोडंफार येतंय ते पूर्ण तिथे पोचतं. फक्त त्या थोड्याचं काय होणार हे वाळू, भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात, आणि ह्या तीन गोष्टी चार्टवरच्या त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

पोचलो तेव्हा पावणेबारा, बरोबर ओहोटी संपायची वेळ, मुद्दाम तशीच गाठली होती. भाऊ गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, ताई, हे तर तळं आहे. म्हटलं बोर्ड राहू दे, आधी चालू या. ओहोटीला किनारा चालून घेणं हे माझ्या मते अशा ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, कारण नंतर सहा दिवस तुम्ही जिथे बसणार आहात ती जमीन तेव्हाच दिसते.

जे दिसलं ते फ्लॅट स्पेलमध्ये दिसायला हवं तेच. मोठ्या वादळात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून बाहेर नेतात आणि तिथे बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, तयार होतो, मग शांत दिवसांत छोट्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आत ढकलत आणतात. राइट आणि शॉर्ट या दोन संशोधकांनी १९८४ साली किनाऱ्यांच्या अशा अवस्थांची वर्गवारी मांडली होती, एका टोकाला लांब पसरट किनारा जिथे लाट दुरूनच फुटत येते, दुसऱ्या टोकाला उभट किनारा जिथे लाट थेट काठावर आपटते, आणि मधे बार आणि चॅनल (बारच्या बाजूची खोल वाट) असलेल्या अवस्था ज्या आपल्या कामाच्या. शांतता लांबली की किनारा दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. इथे उजवीकडचा बार जवळजवळ काठाला चिकटलेला, म्हणजे तिथे सरळ शोअरब्रेक, काठावरच आपटणारी लाट. पण डावीकडे एक बार अजून बाहेर होता, आणि त्याच्या बाजूने एक चॅनल उघडा राहिलेला, पाणी तिथे गडद आणि फेस नाही. मधे गुडघ्या-मांडीएवढ्या पाण्यातला एक आतला बार.

बाहेरच्या बारवर मी चालत गेले तर ओहोटीला पण कमरेएवढं पाणी. आता साधा हिशोब असा की लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत फुटते. अर्ध्या मीटरच्या लाटेला फुटायला ६०-६५ सेंटीमीटर पाणी हवं आणि इथे मीटरभर, म्हणजे लाट बारवरून नुसती डोकं वर काढून पुढे जाणार. कारण उद्या अष्टमीचा अर्धा चंद्र, भांगाची भरती, ओहोटीला पाणी फार खाली जातच नाही. उधाणाकडे जाऊ तसं ते खाली जाईल. स्वेल तसाच राहिला तरी आठवड्याच्या शेवटी हा बार चालू शकतो, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं आणि पुढचा सगळा आठवडा मी त्याचीच वाट बघत होते.

रविवार

पहाटे भरती सव्वासहाला. सूर्य उगवताना वारा जमिनीवरून समुद्राकडे, मतलई, जेमतेम ५ नॉट, पाणी काचेसारखं आणि लाट नाही. भरती पूर्ण भरली की दोन्ही बारवर पाणी जास्त, मग अर्ध्या मीटरचा स्वेल थेट काठावर येऊन एकदाच आपटतो. अशा वेळी बाहेर जाऊन बसण्यात अर्थ नसतो, आम्ही गेलोच नाही, बोर्डला वॅक्स लावत बसलो.

इथे एक नियम फार उपयोगी पडतो, बाराव्या हिश्श्याचा. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात पाणी एकूण फरकाच्या बाराव्या हिश्शाएवढंच उतरतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे सव्वासहाच्या भरतीनंतर सव्वासातपर्यंत काही बदललेलं दिसणारच नाही, आणि सव्वाआठनंतर मात्र झपाट्याने उतरेल. तसंच झालं, साडेआठला आतल्या बारवर पहिली ओळ फुटताना दिसली आणि पावणेनऊला आम्ही पाण्यात.

मी ९ फुटी लाँगबोर्ड, भाऊ ८ फुटी सॉफ्टटॉप, नवशिक्यांचा मऊ बोर्ड. अशा लाटेला शॉर्टबोर्ड घेऊन जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाटतं की त्यांनी स्वतःचा आनंद अर्धा करून टाकलाय, ८ सेकंदांच्या लाटेत जोर इतका कमी असतो की बोर्डने आधीच ग्लाइड केलं पाहिजे, त्यासाठी व्हॉल्यूम आणि लांबी हवीच. मांडीएवढ्या लाटा, पण स्वच्छ, आणि पॅडल लवकर सुरू केलं तर फुटायच्या आधीच उभं राहता येत होतं. मग एक पाऊल पुढे, ट्रिम, आणि लाट काठापर्यंत नेते. भावाला व्हाइटवॉटर, म्हणजे फुटलेल्या लाटेचा फेस, सोडून पहिल्यांदा हिरव्या, न फुटलेल्या लाटेवर उभं राहता आलं आणि तो पाण्यातूनच ओरडला, ताई बघितलंस का! बघितलं होतं की.

सव्वादहाला पाठीवर वारा लागला आणि दहा मिनिटांत सगळं खरबरीत. खारा वारा. जमीन उन्हाने तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते, रात्री उलटं होतं म्हणून पहाटे मतलई मिळते. वर हाय प्रेशर, आकाश निरभ्र, म्हणजे तापणं जोरात, म्हणजे हे चक्र रोज ठरल्या वेळी. फ्लॅट स्पेलचा हा एक फायदाच समजा, वाऱ्याचा अंदाज जवळजवळ चुकत नाही.

दुपारी चार्ट बघितला आणि पहिल्यांदा काहीतरी हललेलं. साधारण ४००० किलोमीटरवर एक लो प्रेशर हायच्या कडेने निसटून बरोबर आपल्याकडे तोंड करून वाहतेय, ४०-४५ नॉट वारा. अंदाजाच्या मॉडेलच्या कालच्या रनमध्ये (आवृत्तीत) गुरुवारसाठी १.२ मीटर दाखवत होते, आजच्या रनमध्ये ०.८. जीएफएस हे अमेरिकन हवामान मॉडेल दिवसातून चार वेळा नवीन रन काढतं आणि प्रत्येक रनला आनंद किंवा दुःख करत बसलं तर आठवडा त्यातच जाईल. मी आकडा सोडून फेच बघते, किती रुंद आहे आणि किती तास टिकतोय. हा फेच जोरदार होता पण पुढे पळत होता, एका जागी टिकत नव्हता, त्यामुळे डाऊनग्रेड होणार हे पटण्यासारखं होतं.

सोमवार

सकाळी दाट ढग. भावाचा चेहरा पडलेला, पण मी खूश. कारण ढग म्हणजे जमीन तापायला उशीर, म्हणजे खारा वारा उशिरा. भरती सव्वासातला होती, कोरड्या निरभ्र दिवशी आज काहीच मिळालं नसतं कारण पाणी उतरेपर्यंत वारा सुटला असता. पण ढग टिकले आणि वारा जवळपास एकपर्यंत पडलेलाच राहिला. दहापासून एकपर्यंत आतल्या बारवर ओहोटीत सर्फ, स्वेल तर कालपेक्षा बारीक, ०.४, आणि तरीही वेळ कालच्या दुप्पट.

अजून एक गोष्ट, ओहोटीचं पाणी टेबलात दिलंय त्यापेक्षा खाली वाटत होतं, कालच्या खुणेच्या दगडावरून स्पष्ट कळत होतं. भरतीचं टेबल चंद्र-सूर्यावरून काढलेलं असतं, त्यात हवेचा दाब नसतो. साधारण १ हेक्टोपास्कल दाब वाढला की समुद्राची पातळी १ सेंटीमीटर खाली जाते. दाब १०३१ होता, नेहमीच्या १०१३ पेक्षा १८ जास्त, म्हणजे वीतभर पाणी कमी. मोठ्या स्वेलला ह्याने काही फरक पडत नाही पण मांडीएवढ्या लाटेला वीतभर पाणी म्हणजे फुटणं आणि न फुटणं.

मंगळवार

काही नाही. ढग गेले, भरती आठ वाजून दहा मिनिटांनी म्हणजे सगळा शांत वेळ भरलेल्या पाण्यात गेला, आणि साडेनऊलाच वारा. संध्याकाळी वारा पडल्यावर तासभर थोडं सपाट झालं तेव्हा भाऊ एकटा पोहून आला.

बुधवार

आजचा दिवस सर्फपेक्षा बघण्याचा. सकाळी आतल्या बारवर चढत्या पाण्यात थोड्या लाटा मिळाल्या, त्या सोडून देते, कारण खरी गोष्ट दुपारनंतर सुरू झाली.

बाहेरच्या बॉयचं, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग वरवर बघितलं तर तेच, ०.५ मीटर, ६ सेकंद. पण हा आकडा सगळ्या लाटा एकत्र करून काढलेला असतो, आणि तोही सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर सैन्य उतरवायच्या अंदाजासाठी वापरात आणली आणि आजही बहुतेक सर्फ फोरकास्टच्या हाईटमागे तीच आहे. त्या एका आकड्यात छोटा लांब पिरियडचा स्वेल पूर्ण लपून जातो. म्हणून बॉयचा स्पेक्ट्रम उघडायचा, जिथे प्रत्येक पिरियडची ताकद वेगळी दाखवलेली असते. तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास १७ सेकंदांवर एक बारीक टेकाड उगवलं होतं. पाव मीटर पण नसेल. मला तर उडी मारावीशी वाटली.

खोल पाण्यात स्वेलचा समूह किती वेगाने येतो ते फक्त पिरियडवर असतं, सेकंदांना दीडने गुणलं की नॉटमध्ये वेग. १७ सेकंद म्हणजे साधारण २५-२६ नॉट, दिवसाला ११५० किलोमीटरच्या आसपास. ४००० किलोमीटरला साडेतीन दिवस. रविवार सकाळ अधिक साडेतीन दिवस, बुधवार संध्याकाळ. अगदी जुळलं. १४ सेकंदवाला दिवसाला साधारण ९४० किलोमीटर, तो गुरुवारी सकाळ-दुपारच्या मधे पोचणार, आणि १२ सेकंदवाला शुक्रवारी सकाळी. वादळात सगळ्या लाटा एकत्रच सुटतात, वाटेत लांब पिरियडवाल्या पुढे निघतात, म्हणून आधी येतात त्या बारीक पण लांब लाटा, फोररनर.

मंक आणि त्यांच्या टीमने १९६३ मध्ये हेच प्रशांत महासागराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं होतं, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेला स्वेल न्यूझीलंड, सामोआ, हवाई असं करत अलास्कापर्यंत, दहा हजार किलोमीटरच्या वर, आणि एवढ्या प्रवासात वाटेत त्याची ताकद फारच थोडी कमी झाली. मला ह्या प्रयोगाबद्दल फार प्रेम आहे, कारण किनाऱ्यावर उभं राहून नुसत्या घड्याळाने तुम्ही तेच करू शकता.

आम्ही तेच केलं. भाऊ मोजत होता, मी लाटा बघत होते. बराच वेळ काहीच नाही, मग अचानक काठावरचं पाणी मागे ओढलं गेलं आणि तीन-चार लाटा, उंचीने काहीच नाहीत पण एकेकीमधे सोळा-सतरा सेकंद, आणि त्या आदळून वाळूवर नेहमीच्या रेषेच्या बरंच वरपर्यंत पाणी आलं. तिथे ठेवलेल्या कोणाच्या तरी चपला घेऊन गेलं. हे इथे मुद्दाम लिहिते, फ्लॅट स्पेल संपताना पहिले बळी खडकावर बसलेले आणि मुलांना काठावर सोडून निवांत झालेले लोक पडू शकतात, कारण दोन सेटमधे, म्हणजे लाटांच्या दोन गटांमधे, दहा-दहा मिनिटं समुद्र शांत असतो आणि कोणाला काही पत्ता नसतो. चॅनलमधली रिप, किनाऱ्यावरून बाहेर ओढणारा प्रवाह, पण प्रत्येक सेटनंतर जागी होत होती, वाळू मिसळलेलं पाणी बाहेर जाताना वरून दिसत होतं. रिपमध्ये सापडलं तर तिच्याशी भांडायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला निघायचं. भावाकडून हे मी परत एकदा म्हणून घेतलं.

गुरुवार

पहाटे पाचला उठलो. ओहोटी ३:५० ची, भरती दहाची, म्हणजे उजाडताना पाणी खाली आणि चढायला लागलेलं, वर मतलई. गेले पाच दिवस वारा हवा तेव्हा पाणी नको तिथे होतं, भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकत सरकत आज दोन्ही एकाच वेळेवर आले. आणि स्वेल आला नसता तरी हे जुळणार होतंच, हे मला सांगायचंय, की तारखा ठरवताना स्वेलच्या आधी भरतीचं टेबल आणि वारा बघा, ते कित्येक दिवस आधीच कळतं.

बॉय ०.७ मीटर, १५ सेकंद. लांब पिरियडची लाट तळाला खूप आधी टेकते, १५ सेकंदांची तर पावणेदोनशे मीटर खोलीपासूनच, मग काठाकडे येताना ती हळू होत उभी राहत जाते. त्यामुळे चार्टवरचे ०.७ बाहेरच्या बारवर छातीएवढे दिसत होते. रविवारच्या अर्ध्या मीटरशी त्याचं काही नातंच नाही.

पण बीच ब्रेकला लांब पिरियड म्हणजे लगेच मजा असं नाही. उजवीकडे संपूर्ण लाट एका रेषेत येऊन एकदम धाडकन बंद, क्लोजआउटमागून क्लोजआउट. सरळ बार आणि सरळ स्वेल असेल तर दुसरं काय होणार. डावीकडे मात्र वेगळं, तिथे कालच्या दुपारच्या वाऱ्याने उठवलेली ६ सेकंदांची किरकोळ लाट तिरकी येत होती, ती मोठ्या रेषांना कापत होती आणि जिथे दोन्ही एकमेकांवर चढत तिथे पीक, म्हणजे लाटेचं उंच टोक, तयार होत होतं, वर बाजूला चॅनल. म्हणजे ज्या वाऱ्याला आठवडाभर नावं ठेवली त्याचाच उरलेला खळखळाट कामाला आला.

मी आज ६ फूट १० इंचाचा मिडलेंथ, मधल्या लांबीचा बोर्ड, घेतला. पॅडल आउट चॅनलमधून, केस पण ओले झाले नाहीत. मग बसून राहणं, लांब वाट, सेट येतो तेव्हा क्षितिजावर रेष जाड होते, तिच्याकडे बघून उजवीकडे सरकायचं, पहिली सोडायची कारण पहिली बारवर जरा लवकर बंद होत होती, दुसरी-तिसरी चांगली. दुसऱ्या सेटची तिसरी मिळाली, टेकऑफ उभा, बॉटम टर्न आणि पुढे भिंत उघडी, चॅनलपर्यंत. किती सेकंद असतील माहीत नाही पण एवढ्या कोरड्या दिवसांनंतर पायाखाली खरा वेग आला तेव्हा मी मोठ्याने हसत होते. अशा अजून काही मिळाल्या. आठनंतर पाणी भरलं, बारवर लाटा मऊ झाल्या, साडेआठला बाहेर. भावाला मी आज बाहेर येऊ दिलं नाही, तो आतल्या बारवर व्हाइटवॉटरमध्ये होता आणि जरा रुसलाही, पण १५ सेकंदांचा सेट नवशिक्याच्या डोक्यावर नको.

शुक्रवार

१२ सेकंद, ०.६. जोर उतरलेला, पण ओहोटी साडेचारची आणि उधाण जवळ आल्याने पाणी बरंच खाली, सहाला बाहेरच्या बारवर मांडीच्या थोडं वर. शनिवारी मी इथेच कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. सेट लवकर लवकर, लाटा कमरेएवढ्या आणि फुटायची जागा अगदी ठरलेली, आज भावाला घेऊन गेले. मी म्हणायचे आता, आणि तो पॅडल करायचा. डावीकडे जाणारी एक त्याने चॅनलपर्यंत नेली आणि परत येऊन म्हणाला, ताई, अजून एक, मग निघू. नंतर नऊपर्यंत कोणी निघायचं नाव काढलं नाही.

जे कोणी येत्या दिवसांत जाणार असतील त्यांच्यासाठी आत्ताचा अंदाज. हा स्वेल शनिवारी १०-११ सेकंदांवर घसरून संपेल, रविवारपासून परत ०.४-०.५ आणि ८ सेकंद. हाय तिथेच आहे. पौर्णिमा रविवारी, उधाणाचा जोर त्यानंतर एक-दोन दिवस, ओहोटी शनिवारी पाचच्या पुढे, सोमवारी साडेसहाला, मंगळवारी सातनंतर. अगदी तळाच्या ओहोटीला डावा बार उघडा पडायला येईल, तिथे डोकं आधी घालू नका, पाणी चढायला लागल्यावर दीड-दोन तासांनी जा, म्हणजे शनिवार-रविवार साडेसहा ते साडेआठ, सोमवार-मंगळवार आठ ते वारा सुटेपर्यंत. उधाणात पाणी पटापट चढतं, वेळ छोटा मिळेल. निरभ्र असेल तर वारा दहाला, ढग असतील तर अजून थोडं मिळेल. लाँगबोर्ड न्या. पुढच्या गुरुवार-शुक्रवारसाठी जीएफएस हाय मागे सरकलेला आणि त्याच्याखालून एक रुंद फेच दाखवतंय, युरोपियन मॉडेल अजून तसं म्हणत नाही, सोमवारच्या रनपर्यंत दोघांचं जमलं तर मी परत निघणार आहे आणि ह्या वेळी भावासाठी पण मिडलेंथ घेणार आहे.